बासष्ट मॅचेसचा सीझन

ताई,

मी ओटावात राहते, नोकरी करते. लेक पंधरा वर्षांची आहे. ती चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाच्या निमित्ताने आम्ही ओटावा सिक्स्टी-सेव्हन्स या ज्युनियर आइस हॉकी संघाची मॅच पहिल्यांदा बघितली. पुढच्याच वर्षीपासून आम्हा दोघींची सीझन तिकिटं आहेत. नवऱ्याला यात रस नाही. हॉकीची संध्याकाळ मायलेकींची.

२०१९ला आमचा संघ फायनल हरला. २०२०ला जिंकणार असं आमच्या स्टँडमधला जो तो म्हणत होता. मार्चमध्ये पहिल्या नंबरावर असताना कोविडमुळे खेळ थांबला तो थांबलाच. यंदाचा, २०२०-२१चा, सीझन सुरूच झाला नाही आणि २० एप्रिल २०२१ला लीगने तो रद्द केला. तेव्हापासून लेक खोलीत बसून प्लेस्टेशनवर २०२०चे प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या, खेळते. ओटावा हरायला लागलं की बंद करते आणि पहिल्यापासून सुरू करते. मला विचारते, “आई, आपण जिंकलोच असतो ना?” काय सांगू?

खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही गाडीत बसून खूप रडले. ताई, त्याच्या थोडंच आधी कोल्हापूरला माझे मामा कोविडने गेले होते. मामांच्या हातची वाढलेली मी, पण तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं नाही. साताऱ्याच्या सासूबाई २०१९च्या हिवाळ्यात आल्या आणि इथेच अडकल्या. त्या म्हणाल्या, “तिकडे माणसं ऑक्सिजनवाचून चाललीत आणि तुम्ही खेळासाठी रडताय?” मला उत्तर सुचलं नाही. मलाही तेच वाटत होतं.

आणखी एक. आमच्या शेजारच्या दोन खुर्च्यांवर एक वयस्कर जोडपं बसायचं. ऑफसाइड आणि आयसिंग हे हॉकीचे नियम मला त्या आजोबांनी शिकवले. आजी बटर टार्ट आणायच्या, मी बाकरवडी न्यायचे. त्यांचं आडनाव मला माहीत नाही, फोन नंबर नाही. आता वाटतं, ते आहेत की नाहीत हेसुद्धा मला कळणार नाही.

एक आई, ओटावा


प्रिय मैत्रिणी,

ताई म्हणालीस, म्हणून एकेरीवर येते.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न ती रोज विचारते आहे आणि तू रोज टाळते आहेस. “जिंकलोच असतो ना?” याला “हो” म्हणू नकोस. “माहीत नाही” म्हण आणि लगेच पुढे २०१९ची आठवण काढ. त्या वर्षी तुमचा संघ प्लेऑफमध्ये सलग १४ मॅचेस जिंकला होता. पहिल्या तिन्ही फेऱ्यांत एकही हार नाही, फायनलच्या पहिल्या दोन मॅचेसही खिशात. त्यानंतर समोरच्या ग्वेल्फ संघाने सलग चार घेतल्या आणि कप नेला. तुझी लेक तेव्हा तेरा वर्षांची असेल. तिने ते बघितलंय. प्लेऑफमध्ये “जिंकलोच असतो” असं काही नसतं, हे तिला तुझ्या-माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. म्हणून तर ती तुला पुन्हा पुन्हा विचारते. तू “हो” म्हटलंस तरी तिचा विश्वास बसणार नाही, आणि तू तिचं मन राखायला बोललीस एवढं मात्र तिच्या लक्षात राहील.

तिच्याकडे जे खरोखर आहे, त्याबद्दल बोल. ६२ मॅचेस, ५० विजय. मार्को रॉस्सीचे ५६ मॅचेसमध्ये १२० पॉइंट (स्वतःचे गोल आणि दुसऱ्यांच्या गोलला केलेली मदत मिळून), अख्ख्या लीगमध्ये सर्वांत जास्त. जॅक क्विनचे ५२ गोल. नोएल हॉफनमायर लीगचा सर्वोत्तम बचावपटू. यातलं काहीही ‘असतं तर’मधलं नाही. हे सगळं बँक स्ट्रीटवरच्या त्या जुन्या रिंकमध्ये, फुटबॉल स्टेडियमच्या स्टँडखाली घडलं आणि तुम्ही दोघी तिथे बसला होतात. ६८ मॅचेसच्या सीझनमधल्या सहाच उरल्या होत्या. त्या सहा आणि नंतरचे प्लेऑफ कुणी खेळलं नाही. पण त्यामुळे आधीच्या बासष्ट पुसल्या जात नाहीत.

आता बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण पुण्यात किंवा नागपुरात बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय त्यात, पुढच्या वर्षी खेळतील. कॅनडातली ज्युनियर हॉकी म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांची हॉकी. ओंटारिओची एक लीग, क्युबेक आणि पूर्वेकडच्या प्रांतांची एक, पश्चिमेची एक. तिन्ही मिळून २०२१मध्ये ६० संघ, त्यातले काही सीमेपलीकडे अमेरिकेत. मुलं शाळकरी वयात घर सोडून संघाच्या गावी येतात आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. अशा घराला इथे बिलेट म्हणतात. सकाळी शाळा, दुपारी सराव, मॅच दूर असेल तर रात्रभर बस. गावातल्या दुकानात तीच मुलं दूध घेताना दिसतात. मी स्वतः किचनरच्या संघाची. तिथे मी कित्येक मुलांना मिसरूड फुटण्याआधी येताना आणि खांदे रुंद करून जाताना बघितलंय.

जाताना, हे महत्त्वाचं. एनएचएल या मोठ्या व्यावसायिक लीगमधला चांगला खेळाडू दहा-पंधरा वर्षं एका शहराला दिसतो. ज्युनियरमधला फार तर पाच. विसाव्या वर्षाचे फक्त तीन खेळाडू प्रत्येक संघाला ठेवता येतात, आणि तो सीझन संपला की त्यांचं ज्युनियरचं आयुष्य संपलं. म्हणून इथे “पुढच्या वर्षी बघू” हे वाक्य चालत नाही. पुढच्या वर्षी जर्सी तीच असते, तुमच्या ओटावाची लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची, पण आतली मुलं बदललेली असतात. एनएचएलमधल्या टॅम्पा बेने २०२०चा स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, सप्टेंबरात का होईना उचलला, तोही रिकाम्या स्टेडियममध्ये. ज्युनियरला ते जमणार नव्हतं. या संघांचं पोट तिकिटांवर चालतं, ओंटारिओ लीगमधले तीन संघ अमेरिकेतले आहेत आणि सीमा मार्च २०२०पासून बंद होती. रद्द करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण ज्या संघाने २००१नंतर, म्हणजे तुझी लेक जन्मायच्या आधीपासून, लीग जिंकलेली नाही, तो हातातोंडाशी आलेला असताना थांबला. आणि तो नेमका तोच संघ पुन्हा कधीच एकत्र येणार नाही. हे दुःख खोटं नाही. ज्याला ते कळत नाही, त्याने ते जोखूही नये.

लेक चिडलीही असेल. पश्चिमेच्या संघांना निदान २४ मॅचेसचा सीझन मिळाला. क्युबेकची लीग तर चालू राहिली, आणि त्या लीगमधलं गॅटिनो तुमच्या समोरच्या काठावर. नदीच्या एका बाजूला हॉकी आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलीला अन्याय वाटणारच. त्या रागाशी वाद घालत बसू नकोस. नियमांची, प्रांतांची, रुग्णसंख्येची कारणं तिला पाठ आहेत. तिला फक्त तू “हो गं, चीड येते खरी” म्हणायला हवी आहेस. मात्र एका गोष्टीची आठवण तिला करून दे, शांतपणे. तिच्या रॉस्सीला ऑक्टोबरात एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मिनेसोटाने नवव्या क्रमांकावर निवडलं, क्विनच्या लगेच मागोमाग. नोव्हेंबरात त्याला कोविड झाला आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीमुळे जानेवारीत त्याला खेळ सोडून ऑस्ट्रियाला घरी जावं लागलं. एकोणीस वर्षांचा, तंदुरुस्त मुलगा. दारं कुणासाठी बंद केली होती, ते यावरून तिला कळेल.

आता प्लेस्टेशन. ते काढून घेऊ नकोस, आणि “किती वेळ खेळतेस” असंही नको. एका संध्याकाळी तिच्या शेजारी जाऊन बस. सांग की एक प्लेऑफ आपण दोघी मिळून खेळू, पण एकदाही रिसेट करायचं नाही. हरलो तर हरलो. बहुधा ती नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. तिला जिंकायचं आहे असं तुला वाटतं. मला वाटतं तिला हरण्याची भीती बसली आहे, कारण यावेळी हरायलासुद्धा मिळालं नाही. २०१९च्या त्या शेवटच्या रात्री ती रडली असेल, तू तिला जवळ घेतलं असशील, शेजारचे आजोबा काहीतरी बोलले असतील, आणि गाडीतून घरी येईपर्यंत दुःख थोडं आपलंसं झालं असेल. २०२०मध्ये तसा कुठला क्षणच आला नाही. फोनवर बातमी आली, मग आणखी एक बातमी, मग आणखी एक. आधी १२ मार्चला “तूर्त स्थगित”, मग १८ तारखेला उरलेल्या मॅचेस रद्द, मग २३ला प्लेऑफ आणि तिन्ही लीगच्या विजेत्यांचा मेमोरियल कपही. असं हप्त्याहप्त्याने संपलेलं काही संपलंय असं मनाला पटतच नाही. मग ते प्लेस्टेशनवर चालू राहतं.

ते संपवायचं कसं, याचं उत्तर हॉकीनेच एकदा देऊन ठेवलंय. १९१९चा मार्च, सिएटल. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आणि सिएटल मेट्रोपॉलिटन्स यांच्यात स्टॅनली कपची फायनल चालली होती. पाच मॅचेस झाल्या होत्या, दोन यांच्या, दोन त्यांच्या, एक बरोबरीत. १ एप्रिलला निर्णायक मॅच होती. तोवर इन्फ्लुएन्झाने मॉन्ट्रियलचे इतके खेळाडू आडवे केले की संघ उभा करायला माणसं उरली नाहीत. मॉन्ट्रियलने कप सोडून द्यायची तयारी दाखवली. सिएटलने असा कप घ्यायला नकार दिला. मॉन्ट्रियलचा बचावपटू जो हॉल ५ एप्रिलला तिथेच न्यूमोनियाने गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी कप नव्याने घडवला, तेव्हा १९१९च्या जागी दोन्ही संघांची नावं कोरली आणि खाली लिहिलं की मालिका पूर्ण झाली नाही.

मला यातली सचोटी फार मोलाची वाटते. कुणाच्या तरी नावे विजय लावून मोकळं होता आलं असतं. ते वर्ष गाळून टाकणं तर आणखी सोपं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. जेवढं झालं तेवढं लिहिलं, आणि पुढे झालं नाही हेही लिहिलं.

तुम्ही दोघींनी हेच करावं असं माझं म्हणणं आहे. एक चांगली जाड वही घ्या. तुम्ही बघितलेल्या त्या सीझनच्या घरच्या मॅचेस त्यात उतरवा. तारखा आणि स्कोअर लीगच्या नोंदींत मिळतील, पण तिथे मिळणार नाही ते तुम्ही लिहा. कुठल्या मॅचला बर्फात गाडी अडकली, कुठल्या गोलला आजींच्या हातातला टार्ट उडाला, कुणाच्या पेनल्टीवर लेक ओरडून ओरडून घसा बसवून आली. शेवटच्या मॅचला तुम्ही काय घातलं होतं, काय खाल्लं, ती शेवटची आहे हे माहीत नसताना कशावरून हसलात, हे आठवत असेल तर लिहाच. आठवत नसेल तर तेही लिहा. आणि शेवटच्या पानावर लेकीच्या हस्ताक्षरात: ६२ मॅचेस, ५० विजय, पहिला क्रमांक, सीझन पूर्ण झाला नाही. त्याखाली तिला आणखी काही लिहायचं असेल तर तिचं तिला लिहू दे, तू वाचू नकोस.

वही एका बैठकीत होणार नाही. होऊही नये. तिला जेवायला बाहेर काढायला निमित्त हवंच आहे तुला.

त्यानंतर पत्रं. मी मघाशी विसाव्या वर्षाच्या मुलांबद्दल सांगितलं. हॉफनमायर त्यातला. मार्च २०२०मध्ये त्याचं ज्युनियर संपलं, टाळ्यांशिवाय. पण त्याहून जास्त जीव तुटतो तो २०००साली जन्मलेल्या मुलांसाठी. २०२०-२१ हे त्यांचं शेवटचं वर्ष असणार होतं. मार्च २०२०मध्ये ती “पुढच्या सीझनला भेटू” म्हणून बिलेटच्या घरातून पिशव्या उचलून गेली, आणि तो पुढचा सीझन आलाच नाही. आपली शेवटची मॅच होऊन गेली, हे त्यांना वर्षभराने बातमीतून कळलं. यातली फार थोडी एनएचएलला पोहोचतील. पुष्कळशी इथल्या विद्यापीठांत जातील, शिकतील, तिथल्या संघातून खेळतील, पुढे कामाला लागतील. ओटावाच्या अशा एखाद्या मुलाला, लेकीचा जो आवडता असेल त्याला, तिने पत्र लिहावं. कागदावर, संघाच्या पत्त्यावर. संघाला पुढे पाठवायची विनंती करायची. “तुम्ही जिंकला असता” असं त्यात नको. ते त्याने हजारदा ऐकलंय. एखादी नेमकी गोष्ट लिहायची, अमुक मॅचला तुझ्या अंगावर पक (खेळातली रबरी चकती) आदळला आणि तू उठून पुन्हा तो अडवायला आडवा पडलास, ते मला आठवतं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या हातात कप नाही, फोटो नाही, निरोपाचा सोहळा नाही, त्याला आपला खेळ कुणीतरी नीट बघितला होता हे कळणं फार मोठं आहे. उत्तर येईलच असं नाही, हे तिला आधीच सांग.

आता तुझ्याकडे येते.

तू लिहिलंस की मामा गेले तेव्हा रडू आलं नाही आणि हॉकीची बातमी आली तेव्हा आवरलं नाही. कुणीतरी तुला सांगेल, कदाचित सांगितलंही असेल, की ते रडणं मुळात मामांसाठीच होतं, हॉकीचं निमित्त झालं. मला असं म्हणायचं नाही. तसं म्हटलं की तुझ्या हॉकीच्या दुःखाला परवानगी मिळते, पण ते दुसऱ्याच्या नावावर. तू त्या संध्याकाळींसाठीही रडलीस. लेक लवकरच तुझ्याबरोबर कुठे यायला तयार नसेल अशा वयाला येते आहे, आणि त्या वयाआधीचे दोन हिवाळे तुमच्या हातून गेले. ते परत मिळायचे नाहीत. त्यासाठी आई रडली तर त्यात लाज कसली?

मामांचं दुःख वेगळं आहे आणि त्याला वेगळी जागा लागेल. तू इथे, ते तिथे. २२ एप्रिलपासून भारतातून कॅनडाला थेट विमानं बंद झाली, म्हणजे गेली असतीस तरी परत येण्याचा भरवसा नव्हता. दवाखान्यात जवळच्यांनाही जाता आलं नसेल, अंत्यविधी चार माणसांत उरकला असेल, दिवस फोनवरून झाले असतील. ज्याचं शेवटचं दर्शन नाही, त्याचं जाणं शरीराला लवकर कळत नाही. रडू आलं नाही याचा अर्थ प्रेम नव्हतं असा लावू नकोस. ते येईल, किंवा वेगळ्या रूपात येईल. तोवर मामींना फोन कर. “काळजी घ्या, जेवलात का” एवढ्यावर थांबू नकोस. मामा तुला काय खायला घालायचे, कुठे फिरायला न्यायचे, रंकाळ्यावर की आणखी कुठे, ते विचार, ऐक, तूही सांग. मामींच्या घरी सध्या येणारे सगळे फोन आजाराबद्दलचे असतात. मामांबद्दल बोलणारा फोन त्यांना हवा असेल. जमलं तर त्यांच्या नावाने काही पैसे पाठव. कोल्हापुरात काय लागतंय, ते मामींकडून किंवा मामेभावंडांकडून कळेल. त्याने ऑक्सिजनचा तुटवडा संपणार नाही हे तुलाही माहीत आहे. पण हात रिकामे राहिले की अपराधीपणा वाढतो, आणि मग तो उगीच हॉकीवर निघतो.

सासूबाईंना उत्तर सुचलं नाही म्हणतेस. उत्तर देऊच नकोस. त्या जे बोलल्या ते खोटं नव्हतं. त्यांचं गाव तिकडे आहे, त्यांची माणसं तिकडे आहेत, रोज टीव्हीवर चिता दिसतात आणि त्या हजारो मैलांवर खिडकीत बसून आहेत. त्यांनाही कुठेतरी ओरडायचं होतं. एक मात्र करता येईल. साताऱ्याकडच्या आहेत म्हणून विचारते, त्या वारीला जायच्या का? माउलींची पालखी त्यांच्या जिल्ह्यातूनच जाते. गेल्या वर्षी, २०२०ला, पायी वारी झाली नाही. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या, आणि ज्यांची वर्षानुवर्षांची वाट होती ते घरी बसले. त्या स्वतः वारकरी नसतील तरी शेजारपाजारचं कुणी असेल. एखाद्या संध्याकाळी चहा घेताना त्यांना त्याबद्दल विचार. हॉकीची आणि वारीची बरोबरी करायला अजिबात नाही, तसं केलंस तर त्या दुखावतील आणि ते बरोबरच असेल. फक्त विचार, ते वर्ष चुकलं तेव्हा त्या माणसांना कसं वाटलं. लेकीलाही तिथे बसव. आजी आणि नात दीड वर्ष एका छताखाली आहेत, आणि मला शंका आहे की एकमेकींचं काय गेलं ते दोघींनी कधी विचारलेलं नाही.

कुणाचं दुःख मोठं आणि कुणाचं लहान, हे घरात ठरवायला लागलं की लहान दुःखवाली माणसं गप्प होतात. पंधरा वर्षांची मुलगी एकदा गप्प बसायला शिकली तर पुढे मोठं काही घडेल तेव्हाही ती तुला सांगणार नाही. म्हणून मी तिच्या हॉकीबद्दल एवढं लिहिलं.

लेकीने पुढच्या सीझनला यायला नकार दिला तर आग्रह करू नकोस. शरदात दारं उघडतील अशी आशा सगळ्यांनाच आहे, पण आशा आहे एवढंच. तुझ्यापुरतं तिकीट घे. शेजारची खुर्ची कदाचित रिकामी राहील, कदाचित पहिल्या मॅचच्या दुपारी ती जर्सी घालून जिन्यात उभी असेल. दोन्हीची तयारी ठेव.

राहिले शेजारचे आजी-आजोबा. हे वाचताना मला तुझ्या पत्रातली सर्वांत जास्त काळजी याचीच वाटली, कारण बाकी सगळ्यांशी तू बोलू शकतेस. मॅचला येणाऱ्या माणसांचं नातं असंच असतं. दर हिवाळ्यात कितीतरी संध्याकाळी खांद्याला खांदा लावून बसायचं, एकमेकांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं आणि नातवंडांची नावं माहीत, आणि आडनाव माहीत नाही. रिंक बंद झालं की तो धागा सापडत नाही. पण शोधता येतो. तुमच्या सेक्शनचा, ओळीचा आणि खुर्च्यांचा नंबर तिकिटावर आहे. तो देऊन संघाच्या तिकीट ऑफिसला ईमेल कर. ते तुला त्यांचा फोन नंबर देणार नाहीत, देऊही नये. तू नंबर मागू नकोस. तुझा नंबर आणि एक छोटी चिठ्ठी त्यांच्याकडे पोहोचवा, एवढीच विनंती कर. चिठ्ठीत लिही की आम्ही दोघी बऱ्या आहोत, तुम्ही कसे आहात, आणि बाकरवडी पोस्टाने पाठवली तर चालेल का.

बातमी वाईट येऊ शकते. दोघांतलं एकच कुणी उत्तर देईल, किंवा मुलगी-मुलगा देईल, किंवा उत्तर येणारच नाही. हे सगळं शक्य आहे, आणि तरीही लिही. मागे राहिलेल्या माणसाला मॅचच्या ओळखीतलं कुणी आपली विचारपूस करतंय हे कळलं, तर त्याचा दिवस बरा जाईल.

ईमेल आजच पाठव. २०२१च्या या लाटेत ओंटारिओत अजून घरीच राहण्याचा आदेश आहे, ऑफिसातली माणसं कमी आहेत आणि जी आहेत ती घरून काम करतात, उत्तराला वेळ लागेल. दोन आठवड्यांत आलं नाही तर पुन्हा पाठव, आणि यावेळी लेकीला लिहू दे. त्या आजोबांनी आयसिंग तिलाही शिकवलं असेलच.

तुझी,
ताई